चुंबकाने खाल्लं

पैसे गेले त्याचा राग आलाच, पण तळपायाची आग मस्तकात गेली ती बँकेतल्या बाईंच्या एका प्रश्नाने. त्यांनी माझा तक्रारीचा फॉर्म वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "पिन भावाला माहीत आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग आधी घरात विचारलंत का?"

मी खरं लिहिलं होतं. फॉर्मवर रकानाच होता, पिन आणखी कुणाला माहीत आहे का, म्हणून. मी आपली शहाणी, लिहून मोकळी झाले: धाकट्या भावाला. दोन वर्षांपूर्वी मी महिनाभर अंथरुणाला खिळले होते, तेव्हा औषधांचे पैसे तोच काढून आणायचा. खोटं लिहिलं असतं तर बाईंनी मुकाट्याने शिक्का मारला असता. खरं लिहिलं ते अंगाशी आलं.

झालं होतं ते असं. मी एमआरआय सेंटरमध्ये टेक्निशियन आहे. आमच्या मशीनचं चुंबक चोवीस तास चालू असतं, त्याला रविवार नाही. घड्याळ, किल्ल्या, मोबाईल, सगळं बाहेर लॉकरमध्ये ठेवूनच आत जायचं, पेशंटने आणि आम्हीही. त्या मंगळवारी सकाळी लॉकरमध्ये टाकलेला मोबाईल मी जेवायच्या सुट्टीत हातात घेतला. बँकेचे तीन मेसेज. अकरा वीस, अकरा तेवीस, अकरा एकतीस. माझ्या कार्डावर कुणीतरी एकाच मोबाईलच्या दुकानातून बासष्ट हजारांची खरेदी केली होती, आणि ते दुकान आमच्याच शहरातलं होतं.

हेल्पलाइनवर अठरा मिनिटं गाणं ऐकलं. मधूनमधून एक गोड आवाज सांगत होता की माझा फोन त्यांना फार महत्त्वाचा आहे. शेवटी कार्ड बंद झालं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून बँकेत गेले, तर हा प्रश्न.

आणि तो प्रश्न डोक्यात शिरला, हे मी लपवणार नाही. कार्ड मी सेंटरवर नेतच नाही, ते घरी कपाटाच्या खणात असतं. मंगळवारी भावाची सुट्टी. म्हणजे कार्ड घरी, पिन त्याच्या डोक्यात आणि तो दिवसभर एकटा. त्यातून एक जुनी गोष्ट होती. सतरा वर्षांचा असताना त्याने पत्त्यांच्या नादात आईच्या डब्यातून पैसे काढले होते. मार खाल्ला, दोन दिवस जेवला नाही, आणि पुढे पहिल्या पगारातून ते सगळे पैसे त्याच डब्यात परत ठेवले. त्यालाही अकरा वर्षं झाली. आई गेली, डबाही कुठे गेला कुणास ठाऊक. माझ्या मनातून मात्र तो डबा गेला नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

वर हे बासष्ट हजार त्याच्याच फीचे होते. तो लिफ्ट दुरुस्त करतो. सुपरवायझरच्या कोर्सची फी तीस तारखेपर्यंत भरायची होती, म्हणून आम्ही दोघांनी मिळून साठवले होते. स्वतःचेच पैसे कोण चोरेल? एवढा साधा विचार माझ्या डोक्यात यायला हवा होता. नाही आला.

घरी पोचले तर दारात नवे कोरे बूट. तो स्वयंपाकघरात भांडी घासत होता. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"कार्ड तू नेलं होतंस का?"

त्याने नळ बंद केला. "नाही," म्हणाला. एवढंच.

तिथे थांबायचं होतं मी. पण माझी नजर दाराकडे गेली, बुटांवर, आणि ती त्याने पाहिली. "कंपनीने दिलेत," तो म्हणाला. "पायावर लोखंड पडू नये म्हणून." मग त्याने उरलेली दोन भांडी घासली, हात पुसले, पिशवीत कपडे भरले, दाराची किल्ली खुंटीला लावली आणि कंपनीच्या खोलीवर राहायला गेला. आरडाओरडा केला असता तर मीही चार शब्द बोलले असते. त्याने तेवढीही सोय ठेवली नाही.

बारा दिवसांनी बँकेचं पत्र आलं. तपासाअंती असे आढळले की, वगैरे. कार्ड घासून व योग्य पिन टाकून व्यवहार झाले, कार्ड खातेदाराच्याच ताब्यात होते, सबब बँक जबाबदार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर निदान भाषा तरी शुद्ध असावी, तसं पत्र होतं. मी ते कंट्रोल रूममध्ये बसून तिसऱ्यांदा वाचत होते. आत एक आजोबा मशीनमध्ये निश्चिंत झोपले होते आणि मी बाहेर दातओठ खात होते. वाचता वाचता 'घासून' या शब्दावर अडले, आणि मान वर केली तर समोरच्या भिंतीवर आमची यादी.

ही यादी म्हणजे फिल्मच्या जुन्या खोक्याचं झाकण आहे. वर मार्करने लिहिलंय, 'चुंबकाने खाल्लं'. जो कुणी विसरून नको ती वस्तू आत नेईल त्याचं नाव, वस्तू, तारीख आणि खाली डॉक्टरांची सही. पहिल्या ओळीत खुद्द डॉक्टरांचंच घड्याळ आहे, त्यामुळे कुणाला तक्रार करायला तोंड नाही. नवव्या ओळीत मी: बँकेचं कार्ड, तारीख पाच महिन्यांपूर्वीची. एक पेशंट मशीनमध्ये घाबरून ओरडायला लागली, मी धावत आत गेले, आणि कार्ड एप्रनच्या खिशात राहिलं. त्याच्या मागची काळी पट्टी त्या क्षणी कोरी झाली. पुढून यंत्रात खोचलं की चिपवर ते चालायचं, घासलं की यंत्राला ते कार्ड आहे हेच कळायचं नाही. इतरांना सांगतेस आणि स्वतःच नेतेस, म्हणून सगळे आठवडाभर मला हसले होते. बँकेला हे कोणत्या तोंडाने सांगायचं, म्हणून मी नवं कार्डही मागितलं नव्हतं. कार्ड घरी ठेवायला लागले ते तेव्हापासून.

म्हणजे माझं कार्ड घासून खरेदी करणं या जगात कुणालाच शक्य नव्हतं. भावालाही नाही, मलाही नाही.

आजोबांना बाहेर काढलं, मशीन दुसऱ्या टेक्निशियनच्या ताब्यात दिलं, खिळा उचकटून झाकण काखेत मारलं आणि वाटेत घरून कार्ड घेऊन तडक बँकेत गेले. रांगेतल्या लोकांनी वाट दिली. माझं तोंडच तसं झालं असावं.

झाकण बाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी विचारलं हे काय आहे. मी नववी ओळ दाखवली आणि कार्ड पुढे केलं. "घासून दाखवा," म्हटलं. त्यांनी यंत्रावर घासलं. 'कार्ड वाचता आले नाही.' पुन्हा घासलं. तेच. मग म्हणाल्या, कार्ड बंद केलंय ना, म्हणून असेल.

शेजारच्या खिडकीतले म्हातारे कॅशियर नोटा बाजूला ठेवून वाकले. "मॅडम, बंद कार्ड यंत्र वाचतं आणि मग नाकारतं. हे वाचतच नाहीये. पट्टी कोरी आहे." मग त्यांनी मला समजावलं, की पाच महिन्यांपूर्वी, पट्टी शाबूत असताना, कुठल्यातरी पैसे काढायच्या यंत्राला चोरांनी पट्टी वाचणारं आपलं उपकरण चिकटवलं असेल आणि पिनसाठी वर बारका कॅमेरा लावला असेल. नक्कल करून ठेवायची आणि सावकाश वापरायची, ही त्यांची रीतच. एवढं ज्ञान दोन खिडक्यांच्या अंतरावर बसलं होतं, आणि तपासाअंती असे आढळले!

बाईंनी स्क्रीनवर माझं खातं उघडलं. पाच महिन्यांतले सगळे व्यवहार चिपचे. घासलेले फक्त तीन. ते त्यांनाही दिसत होतं, आधीही दिसलं असतं. बघितलं असतं तर.

"आता विचारा," मी म्हटलं. "घरात विचारलंत का, हे मला आता परत विचारा."

त्यांनी विचारलं नाही. प्रकरण पुन्हा वर पाठवते म्हणाल्या. मी म्हटलं, तोंडी नको. माझ्या समोर लिहा, शिक्का मारा, प्रत द्या. तासभर तिथून हलले नाही.

एकोणीस दिवसांनी पैसे खात्यात जमा झाले. सोबत दोन ओळींचं पत्र होतं, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी. गैरसोय! तीस तारीख केव्हाच उलटली होती, आणि कोर्सची पुढची तुकडी वर्षानंतर होती.

पत्र घेऊन भावाकडे गेले. नऊ मजली इमारतीत तो लिफ्टचं काम करत होता. लिफ्ट बंद, म्हणून सात मजले चढले. तो उघड्या दारापाशी उकिडवा बसला होता, पायात तेच बूट, आता तेलाने काळे झालेले. मी धापा टाकत सगळं सांगितलं, चुंबक, यादी, कॅशियर. पत्र हातात दिलं. त्याने तेलकट बोटं पँटला पुसली आणि दोन्ही ओळी वाचल्या.

"म्हणजे मी चोर नाही, हे यंत्राने सांगितलं," तो म्हणाला.

मी म्हटलं, अरे, माझं चुकलं.

"ताई, मी 'नाही' म्हणालो होतो. तेवढं पुरायला हवं होतं."

त्याचा आवाज चढला नव्हता. त्या बाईंवर मी महिनाभर दात खाल्ले, पण त्या परक्या होत्या आणि त्यांनी एका फॉर्मकडे बघून विचारलं. मी त्याला अंगाखांद्यावर वाढवलं होतं, आणि मी बुटांकडे बघितलं.

त्याने खुंटीला लावलेली किल्ली पर्समधून काढून पुढे केली. त्याने घेतली नाही. नकोही म्हणाला नाही. हातातला पाना दाखवून म्हणाला, "काम उरकू दे."

सात मजले उतरून मी खालच्या पायरीवर बसले. किल्ली मुठीत होती. वर ठोकाठोकी चालू होती, मध्येच थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. लिफ्टच्या दारावर 'काम चालू आहे' अशी पाटी होती, तिच्याकडे बघत मी तिथेच बसून राहिले.