रंगवलेला चोथा

वाळवणीच्या खोलीचे दार ढकलताच काकूंनी नाकाला रुमाल लावला. आंबट, कुबट, वर स्वस्त अत्तराचा थर दिल्यासारखा तो वास घशात जाऊन बसला.

त्यांनी उभ्या केलेल्या या कारखान्यात लाल अंबाडीच्या बोंडांचा अर्क काढीत. वाळलेली बोंडे पोलादी टाक्यांत, पाणी आणि मद्यार्कात भिजत. त्यांतली अँटिऑक्सिडंट द्रव्ये उतरली की उरे तो फिकट, बुळबुळीत चोथा. त्याची रवानगी खताच्या खड्ड्यात, हा काकूंचा नेम. आज त्या सगळा कारभार मुलाच्या स्वाधीन करायला आल्या होत्या. त्याआधी त्याने नव्याने काढलेला बोंडांचा चहा आपण एकदा डोळ्यांखालून घालावा, एवढीच इच्छा. त्या चहाच्या गोण्या न्यायला फाटकाशी गाडी उभी होती.

ताटांत तोच चोथा पसरला होता, पण लालभडक. माश्या घोंघावत होत्या. काकूंनी चिमूट उचलली. ती बोटांना शेंबडासारखी चिकटली आणि बोटे रंगली.

"हे काय गं?" त्यांनी मागून आलेल्या सुनेला विचारले. प्रयोगशाळा तीच सांभाळी.

"चोथाच आहे, आई. यांनी मला तपासायला दिली ती चांगली बोंडं होती. सकाळी संशय आला म्हणून इथलं मूठभर नेलं. अर्क असता तर आमचं तपासणीचं जांभळं द्रावण पिवळं पडलं असतं. हे ढिम्म! जांभळं ते जांभळंच."

"म्हणजे आत काहीच नाही?"

"रंग आहे. लिंबाचं सत्त्व आहे. आणि ढीग करून ठेवल्यामुळे बुरशी आहे."

काकूंनी रंगलेली बोटे रुमालाला पुसली. एवढ्यात चिरंजीव शीळ घालीत आत आले.

"आई, तू कशाला आलीस या घाणीत? ऑफिसात बस ना."

"घाण म्हणतोस, आणि लोकांना पाजतोस?"

"लोकांना काय कळतंय! पाणी लाल झालं की खूश. अर्क आपण विकतोच, हा वरचा फायदा. उगाच खड्ड्यात कशाला घालायचं?"

"तू पिशील?"

बायकोने नजर वळवली. त्याला मात्र काहीच वाटले नाही. त्याने गरम पाणी मागवले, कपात चिमूट टाकली, ढवळली. वर तांबूस फेस आला, त्यात माशीचा एक पंख तरंगत होता. तो त्याने बोटाने बाजूला सारला, आणि काकूंच्या डोळ्यांत डोळे घालून कप तळापर्यंत रिकामा केला.

"हे बघ! मेलो का मी?" मिशीवरचा लाल ओघळ जिभेने टिपत तो हसला.

काकूंना वाटले होते, तो कप खाली ठेवील, ओशाळेल, निदान तोंड तरी वाकडे करील. तसे झाले असते, तर त्यांनी चार शिव्या हासडून त्याला पदरात घेतले असते. परंतु ज्याला स्वतःच्या घशाची किळस नाही, त्याला परक्याच्या घशाची कुठून असणार?

"गाडी परत पाठवा," त्या दाराशी उभ्या कामगाराला म्हणाल्या. "आणि सूनबाई, आजपासून टाक्या, वाळवण, विक्री, सगळं तुझ्याकडे."

"आणि मी?" मुलाचे हसू मावळले.

"तू घरी ये, जेव, झोप. मुलगा आहेस, टाकणार नाही. पण या फाटकाच्या आत पुन्हा दिसायचं नाही."

"एका कपावरून, आई?"

"हो. तो तू प्यायलास म्हणून."

तो सुनेकडे वळला. ती ताटे उचलू लागली होती.

"आई, हे खड्ड्यात टाकू ना?"

"छे! खताची काही अब्रू आहे की नाही?" काकू कडाडल्या. "जाळून टाका."