हिरव्या टोपणाच्या दोन नळ्या

घरात शिरल्या शिरल्या सुईबाईला दिसली ती भिंत. माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर गिलावा फुटला होता आणि खाली फरशीवर त्याचा चुरा तसाच पडलेला होता. डोकं कुणाचं, ते विचारायची गरज नव्हती. कपाळाला फडकं बांधून ते स्वयंपाकघराच्या दारात उभं होतं.

बावीस वर्षं घरोघरी जाऊन रक्त काढणाऱ्या या बाईला लॅबमध्ये कुणी नावाने हाक मारत नसे. तिने बरीच घरं पाहिली होती, पण असं नव्हतं पाहिलं. नवरा जुन्या इमारती घणाने पाडायचा आणि काम घरी आणायची त्याला खोड होती. बायकोला तीनदा दिवस गेले, तिन्ही वेळा गर्भ पडला. पहिल्या वेळी त्याने तिचं बोट मोडलं, दुसऱ्या वेळी दात पाडला, आणि आता ही भिंत. डॉक्टरांनी दोघांची गुणसूत्रं तपासून घ्या म्हणून लिहून दिलं, तेव्हा त्याला वाटलं, चला, हिचा दोष आता कागदावर येणार.

"कालपासून उपाशी ठेवलीय," घणवाला म्हणाला. "पाणीसुद्धा दिलं नाही."

"कुणी सांगितलं हे शहाणपण? या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. आधी चार घास खाऊ दे तिला."

बायकोने उभ्या उभ्या शिळा भात गिळला. सुईबाईने नेहमीचे प्रश्न विचारले. इतक्यात रक्त चढवलंय का? नाही. कसली औषधं चालू आहेत का? नाही.

"आणि दोघांचंही रक्त लागतं," ती म्हणाली. "कधी कधी एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला असतो. माणूस धडधाकट असतो, त्याला पत्ताही नसतो, पण गर्भ टिकत नाही. बाईत असेल, पुरुषात असेल. त्यात गुन्हा कुणाचाच नसतो."

"माझ्यात काय निघणार आहे, डोंबल?"

बायकोच्या दंडावर पट्टा आवळायला निळा डाग नसलेली जागा सापडेना. शेवटी डागावरच आवळला. हिरव्या टोपणाची पहिली नळी भरली. मग घणवाला ऐटीत बाही सरसावून बसला, सुईबाईने नवी सुई उघडली, आणि गडी पांढराफटक पडला. ओठावर घाम आला. बायकोने ते पाहिलं. तिने पाहिलं, हे त्यानेही पाहिलं.

झालं. त्याने लाथेने खुर्ची उडवली, बायकोच्या कानशिलात अशी ठेवून दिली की ती ओट्यावर आदळली, आणि सुईबाईचं मनगट पकडून पिरगळलं.

"दुसरीपण तिच्यातूनच भर."

"अहो, असं चालत नाही. नळीवर तुमचं नाव आहे."

मनगटात काहीतरी कट्कन वाजलं. "रक्त लालच असतं. कोणाला कळतंय?"

सुईबाई घाबरली. उगाच लपवायचं कशाला? तिने दुसरी नळी बायकोच्या त्याच हातातून भरली. दारापर्यंत सोडायला आलेली बायको कुजबुजली, "मावशी, कुठे बोलू नका. मारून टाकेल मला."

सुईबाई बोलली नाही. या नळ्या बर्फात ठेवायच्या नसतात. रक्तातल्या पेशी जिवंत राहाव्या लागतात, लॅबमध्ये तीन दिवस वाढवाव्या लागतात, तेव्हा कुठे गुणसूत्रं दिसतात. तिने त्या नीट पोचवल्या. अहवालाला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस मनगट सुजलेलं राहिलं आणि तोंड बंद.

अहवालाच्या दिवशी लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं. समोर नवराबायको बसले होते.

"तुमची सेहेचाळीसही गुणसूत्रं जागच्या जागी आहेत," डॉक्टरीणबाई बायकोला म्हणाल्या. मग घणवाल्याकडे वळल्या. "तुमच्या नावाच्या नळीतलं रक्त मात्र बाईचं आहे."

"मला बाई म्हणतेस?" त्याने टेबल उलथवलं. पण डोकं अगदीच रिकामं नव्हतं. "म्हणजे तुम्हीच नळ्यांचा घोळ घातला! मग हिचा कागद तरी खरा कशावरून?"

डॉक्टरीणबाईंनी खाली पडलेले कागद उचलले. "घोळ झाला असेल, तर दोन्ही अहवाल रद्द करावे लागतील," त्या हळूच म्हणाल्या.

घणवाल्याने बायकोची मान पकडली. "चल घरी. दाखवतो तुला जागच्या जागी."

घरी काय होणार, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं. सुईबाईला तर ती भिंतच दिसली.

"घोळ झालेला नाही," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "दोन्ही नळ्या मी हिच्याच हातातून भरल्या. ह्याने माझा हात पिरगळला म्हणून. हा मेला सुईला घाबरला!"

त्याने लोखंडी स्टूल उचलून तिच्या तोंडावर हाणलं. सुईबाई कपाटावर कोसळली, तोंडात रक्त आणि दाताचा तुकडा आला. डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या, त्यांना ढकलून त्याने पुन्हा मूठ उगारली. सुईबाईने मान खाली घातली आणि ती मूठ मागच्या कपाटाच्या काचेतून आरपार गेली. त्याने हात ओढून घेतला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी उसवली होती आणि रक्त भळाभळा वाहत होतं. त्याने ते पाहिलं. डोळे फिरले आणि सहा फुटी धूड काचांवर धाडकन आडवं झालं.

धावत आलेल्या रखवालदाराने त्याचे पाय बांधले. डॉक्टरीणबाईंनी हाताला घट्ट पट्टी गुंडाळली, रक्त थांबवलं.

"सुईबाई, हे सगळं लिहून द्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "नोकरी जाईल तुमची."

"आणा कागद."

सुईबाईने सुजल्या ओठांनी वाचत वाचत लिहिलं आणि सही केली. बायको इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली.

"दोन्ही अहवाल द्या मला."

"दुसऱ्यावर नाव यांचं आहे."

"नाव बदला. रक्त माझं आहे. दोनदा तपासलंत, दोन्ही वेळा मी नीट निघाले."

डॉक्टरीणबाईंनी सुईबाईचा जबाब जोडून दोन्ही कागद तिच्या हातात ठेवले. तिने त्यांची घडी घातली आणि जमिनीवरच्या नवऱ्याला ओलांडून दारापाशी गेली.

"मावशी, पोलीस स्टेशन कुठे आहे?"

सुईबाईने तोंडातलं रक्त पुसलं. "चल," ती म्हणाली, "मलाही तिथेच जायचंय."