काडतुसांच्या अर्जावरचं कुंकू

अमेरिकेतल्या चँडलर शहरात राहणाऱ्या अनीशला नेमबाजीच्या स्पर्धेसाठी सैन्याची शिल्लक काडतुसं घरपोच मागवायची होती. नोटरीच्या शिक्क्याशिवाय अर्ज चालणार नव्हता आणि स्पर्धा तर तोंडावर आली होती. निघताना आईने, घरातल्या प्रत्येक महत्त्वाच्या कागदाला लावते तसं, या अर्जालाही कुंकू लावलं.

बँकेतल्या नोटरीबाईंचा शिक्का हवेतच थांबला. “हे रक्त आहे?”

“नाही, आई आहे,” अनीश गडबडला. “म्हणजे, आईने लावलंय. गुड लकसाठी.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग काडतुसांच्या आकड्याकडे. “आईला बोलाव.”

आई आली ती कुंकवाची डबी घेऊनच. चौकशी सुरू होण्याआधीच तिने बाईंच्या शिक्क्यालाही कुंकवाचं बोट टेकवलं. “तुमच्याही धंद्याला बरकत येईल हो!” बाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी हसत हसत शिक्का मारला. तो लालसर उमटला, पण उमटला.

काडतुसांचं खोकं घरी आलं तेव्हा आईने ते पाटावर ठेवलं आणि पेटतं निरांजन घेऊन ओवाळायला वाकली. अनीशने आयुष्यातला सर्वांत अचूक नेम धरला आणि लांबूनच फुंकर मारली.

“अरे मेल्या,” आई ओरडली, “वाढदिवसाचा केक आहे का हा?”