तिसरा धातू

जावई हा दहावा ग्रह असतो म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेत तो तिसरा धातू झाला.

आमचं काम साधं आहे. तापलेल्या कोळशावर वाफ सोडायची आणि निघणारा जळाऊ वायू मोजायचा. कोळशात आधी धातूंचे क्षार मुरवले, की वायू झपाट्यानं निघतो. पोटॅशियम मी सुचवलं, निकेल साहेबांनी. जोडी छान जमली, म्हणजे धातूंची. मग साहेबांना जावई मिळाला आणि जावयाला शोधनिबंधात नाव हवं झालं. नुसतं नाव घुसडणं बरं दिसेना, म्हणून मिश्रणात तांबं घुसडलं. त्यासाठी जावईबापूंनी फक्त बरणीचं झाकण उघडायचं होतं. तेही शेवटी मीच उघडून दिलं.

तांबं पडलं आणि वायू घटला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा घटला. मी आलेख घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. साहेब उभे होते आणि जावईबापू त्यांच्या खुर्चीत बसून गोल गोल फिरत होते.

"साहेब, तीन धातूंची गर्दी होतेय," मी म्हणाले. "एक काढायला हवा."

साहेबांनी चष्मा लावून आलेख पाहिला. मग जावयाकडे पाहिलं, जरा मायेनंच.

"खरंय तुझं," ते म्हणाले. "पोटॅशियम काढ."

आता नळीत वाफ शिरते आणि बरीचशी वाफच बाहेर येते. सासरे-जावयांनी शोधनिबंधात त्या मिश्रणाला 'अत्यंत स्थिर' म्हटलंय. ते खोटं नाही. त्यात काहीच होत नाही.