गुळानं दात किडत नसतात

"आजोबा, तिचं डोकं जरा घट्ट धरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि तानाजीनं चार वर्षांच्या नातीचं डोकं मांडीवर दाबून धरलं. विश्रामबागेतल्या त्या दवाखान्यातली खुर्ची मोठ्या माणसांच्या मापाची, पोरगी तिच्यात ठरेना, म्हणून ही बैठक. अपेक्षाचा डावा गाल चार दिवस सुजून टम्म झाला होता. तिनं आ केला. वरच्या पुढच्या चार दातांची नुसती काळी खुंटं उरली होती आणि मागच्या दाढेतून पू येत होता.

समोर सून उभी होती, अंकिता. ती आणि तानाजीचा मुलगा सिद्धू, दोघंही शिरवळला कंपनीत. एकाची दिवसपाळी तर दुसऱ्याची रातपाळी, त्यामुळं पोरगी अकरा महिन्यांची असल्यापासून गावाकडं आजी-आजोबांजवळ. आज रजा टाकून, पहिली गाडी धरून अंकिता सांगलीला आली होती.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ओढला.

"झोपताना दुधाची बाटली देता?"

"न्हाई. वाटीनं पिती."

"बिस्किटं, चॉकलेट?"

"दुकानाची पायरी चढू देत न्हाई मी तिला."

"दुधात साखर?"

तानाजीला हसूच आलं. "आवं, साखर आमच्या घरात पाव्हण्यापुरती. मी गुळव्या हाय."

हे सांगताना त्याच्या आवाजात तोरा होता, आणि का नसावा? रस उकळून उकळून गुळाला आला की काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, नेमकी कधी उतरवायची, हे ज्याला कळतं तो गुळव्या. जरा घाई केली तर ढेप बसत नाही, जरा रेंगाळलं तर गूळ करपतो. तानाजी रसाचा थेंब थंड पाण्यात टाकायचा, चिमटीत दाबून बघायचा आणि म्हणायचा, "उतरा." चौतीस हंगाम त्याचा शब्द चुकला नव्हता. शंभूराज पाटलांच्या गुऱ्हाळावर पुण्याची गिऱ्हाइकं यायची ती याच्या हातच्या गुळासाठी.

डॉक्टरीणबाईंना मात्र कोडं पडलं. सगळी उत्तरं "न्हाई", आणि तोंडात ही अवस्था. त्या आईकडं वळल्या. "अंगावर किती महिने पाजलंत?"

"अकरा."

"नंतर वरचं दूध कसं दिलं?"

"मला नक्की माहीत नाही, मॅडम. मी नव्हतेच ना तिथं." अंकिताचा आवाज बारीक झाला. "माझ्यामुळंच झालं असेल हे. लोक म्हणतातच तसं."

लोक म्हणत होते, हे खरं होतं. अंगावरचं पोर टाकून नोकरीला गेली, मग दात किडणार नाहीत तर काय, असं गल्लीतल्या बायका बोलायच्या. एकदा जेवताना तानाजीही बोलून गेला होता, आणि सुनेनं ते खाली मान घालून ऐकलं होतं. आता ती तेच स्वतःच्या तोंडानं कबूल करत होती आणि डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या होत्या. तानाजीला आपली लाज वाटली.

"थांबा, तसं लिवू नगा," तो म्हणाला.

"मग काय लिहू? दिवसभर असते कुठं ही?"

"माझ्यासंगं. गुऱ्हाळावर."

"तिथं काय खाते?"

मग त्यानं सगळं सांगितलं. सकाळी पहिल्या काहिलीची वाटीभर काकवी. मग गुळाचा खडा. तो संपला की दुसरा. गडी लय जीव लावतात, जो येईल तो हातावर काहीतरी ठेवतो. दुपारी चिपाडाच्या गंजीच्या सावलीला झोपते, तेव्हाही गालात खडा असतोच. त्याशिवाय डोळा लागत नाही तिचा.

"पण त्यो गूळ हाय," तानाजी म्हणाला. "गुळानं दात किडत नसत्यात. किडत्यात ते साखरेनं."

प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हेच सांगत आला होता. त्याचं त्याला ते शंभर टक्के खरं वाटत होतं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, तोंडातल्या जंतूंना गूळ आणि साखर सारखीच. गूळ उलट दाताला चिकटून बसतो. आणि गोड किती खाल्लं त्यापेक्षा किती वेळा खाल्लं, ते जास्त नडतं. झोपेत लाळ कमी सुटते. खडा गालात धरून झोपली की सगळी झोपभर दात त्या पाकात."

"बिगरकेमिकलचा असला तरी?"

"तरी."

"माझ्या हातचा हाय, बाई."

डॉक्टरीणबाईंनी पेन पुन्हा उचललं.

तानाजीनं नातीच्या कपाळावरचे केस मागं सारले. "मग लिवा. आजानं केलं म्हणून लिवा. पोरीच्या आईचा ह्यात काय बी संबंध न्हाई."

अंकितानं पहिल्यांदाच मान वर केली.

सूज उतरल्यावर दोन दाढा काढायच्या, बाकीच्यांना टोप्या बसवायच्या, असं ठरलं. गोड खायचं ते जेवणाबरोबर, दिवसभर चघळायचं नाही. आणि सकाळ-रात्र दात मोठ्या माणसानं घासायचे, सात-आठ वर्षांची होईपर्यंत. नाहीतर मागून येणाऱ्या पक्क्या दातांचंही हेच व्हायचं.

बाहेर पायरीवर चपला घालताना अंकिता म्हणाली, "मामा, तुमच्यावर राग नाही माझा. पण तिला आता गुऱ्हाळावर नका नेऊ. मी पाळणाघर बघते शिरवळला."

"पाळणाघरवाली दात घासंल व्हय?"

अंकितानं स्वतः घासायचे म्हटले, तर रातपाळी करून आलं की तिला उभ्या उभ्या झोप येई.

पोरीला गुळापासून लांब ठेवून दाखवतो म्हणून तानाजीनं तीन दिवस मागून घेतले. पोरीला आजीजवळ ठेवलं, गड्यांना दम भरला. पण गुऱ्हाळ घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि त्याच्या बायकोचे, चंद्राबाईचे, गुडघे गेलेले. तिसऱ्या दिवशी पोरगी काहिलीमागं सापडली, हनुवटीपर्यंत काकवी लागलेली. कुणाच्या नावानं ओरडणार? ती वाट त्यानंच तिला दाखवली होती.

"दुसरा माणूस बघा," त्यानं शंभूराजला सांगितलं.

"भर हंगामात? खुळं का काय तुमी, आबा?"

"खुळाच म्हणा. पोरगी आईजवळ ऱ्हाईल आन् मी पोरीजवळ."

शंभूराजनं मजुरी वाढवून देऊ केली, मग दोन दिवस बोलणं टाकलं. चंद्राबाईनं मात्र पिशवी भरून दिली. "जावा. शेरडांचं आन् माझं मी बघती," एवढंच म्हणाली.

शिरवळची खोली दहा बाय बाराची. पाळीवरून आलेलं कुणीतरी दिवसा झोपलेलं असायचं, म्हणून तानाजी नातीला घेऊन बाहेरच हिंडायचा. अंगणवाडीत सोडायचा, आणायचा. सकाळ-संध्याकाळ तिला मांडीवर आडवी घालून दात घासायचा. पहिल्या आठवड्यात ती चावली, लाथा झाडल्या, खड्यासाठी लोळून रडली. त्यालाही रडू यायचं, पण घासायचं त्यानं सोडलं नाही. दाढांवर चकचकीत टोप्या बसल्यावर ती येईल त्याला आ करून दाखवू लागली. चाळीत त्याला सगळे अपेक्षाचे आजोबा म्हणत. त्याचं नाव कुणी विचारलं नाही.

फाल्गुन लागला. एका संध्याकाळी तो नातीचं बोट धरून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेला. दुकानदार नवी ढेप फोडत होता.

"आजोबा, गूळ बघा. सांगलीचा, एक नंबर, बिनकेमिकलचा. घे गं बाळ," म्हणत त्यानं एक खडा पोरीपुढं केला.

अपेक्षाचा हात वर गेला. तानाजीनं तो खडा आपल्याच हातात घेतला. चिमटीत आपोआप दाबून पाहिला. काहील उतरायला उशीर झालेला, आणि रंग उजळायला पावडर मारलेली. बोटांना सगळं क्षणात कळलं.

दुकानदार बघत होता. "गुळातलं कळतं वाटतं तुम्हाला?"

तानाजीनं खडा ढेपेवर परत ठेवला आणि हात धोतराला पुसला.

"न्हाई गड्या," तो म्हणाला. "बारक्या पोरांचा ब्रश दे एक. मऊ बघून दे."