दोराला राग येत नाही

एक ओला मोजा, झुडपावर.

"माझा साबण कुणी नेला?" याचं उत्तर आठवडाभर मिळालं नाही.

तंबूमागच्या मातीत पंजाचे ठसे. कोल्हा की कुत्रा? वाद मिटला नाही.

पैलवानाच्या उशाखाली दुसऱ्याच कुणाचा तरी टॉर्च.

मी एक जुना दोर होतो. आता दोन आहे.

मित्रांनो, घाई नको. आधी माझा जन्म ऐका. एका कारखान्यात शेकडो रिळं गरगर फिरत होती. त्यांनी आतला पांढरा गाभा झाकत वरून निळं कापड विणलं. मग मला उंचावर बांधून लोखंडी वजन खाली सोडलं. मी ताणलो, पण तुटलो नाही. तेव्हापासून मी मानी झालो.

पुढे विद्यार्थ्यांच्या शिबिरात आलो. खडकावर चढणारी मुलं माझ्या भरवशावर वर जात. खाली आली की मला थोपटत. दिवसाची चढाई संपली की माझ्यावर टॉवेल वाळत. कौतुकाचं आयुष्य तेवढंच.

एक गोष्ट मात्र मला खुपायची. रोज सकाळी सर सगळ्यांना गोल बसवत. मग मी या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येकाच्या बोटांतून सरकायचो. सर म्हणत, "संशय घ्या. दोराला राग येत नाही."

मला यायचा. इतक्या जणांना सांभाळलं, तरी रोज झडती?

या वेळच्या शिबिरात मुलांची बोटं माझ्यावर होती आणि जिभा साबणचोरावर. फक्त एक मुलगी हळू चाचपत असे. पहिल्याच दिवशी ती अर्ध्या खडकावर गोठली आणि रडत उतरली, म्हणून तिचं नाव पडलं भागूबाई. भित्री हा शब्द म्हणायचीही गरज उरली नाही.

शुक्रवारी मोठा कडा चढायचा होता. तेवढा लांब दोर मी एकटाच. सकाळी मी तिच्या हातात थांबलो.

"सर, इथे कडक लागतोय."

पैलवान म्हणून मिरवणाऱ्या दांडग्या मुलानं माझ्यावरून हात फिरवला. "काही नाही सर. हिला वर जायचं नाहीये. नाटकं!"

"चिखल सुकला असेल," कुणीतरी म्हणालं.

"स्वतः रडली, आता आम्हाला रडवणार!"

सगळे हसले. मीही मनात हसलो. सरांनी मला तिथे वाकवलं. चांगला दोर गोल वळतो. मी कोपऱ्यासारखा दुमडलो.

मग मला झाडाला बांधून सगळ्यांनी ओढलं. पैलवान तर लालबुंद झाला. मी तुटलो नाही.

"बघितलंत सर? चला कड्यावर!"

"पण आपण नुसतं ओढलं," भागूबाई म्हणाली. "कुणी पडल्याचा झटका कुठे बसला?"

सर तिच्याकडे वळले. त्यांना तिचाही संशय होताच. "खरं सांग. भीती वाटते म्हणून म्हणतेस ना?"

"भीती वाटतेच सर. पण दोर कडक आहे तो आहेच."

सरांनी खिशातून सुरी काढली. "अहो सर, नको ना!" मुलं ओरडली. मला वाटलं, कापा. आतला पांढराशुभ्र गाभा दिसेल आणि हिची बोलती बंद होईल.

गाभा तपकिरी होता. सरांनी चिमटीत धरला, तर त्याचा भुगा झाला.

सरांनी गाडीवाल्या मामांना हाक मारली. "मामा, येताना दोराशेजारी डिकीत काय होतं?"

"जुनी बॅटरी. पण उभी होती हो!"

"घाटाच्या वळणांवरसुद्धा?"

मला आठवलं, एका वळणावर काहीतरी ओलं लागलं होतं. मी पाणी समजलो. मित्रांनो, बॅटरीचं आम्ल दोराला आतून खातं आणि दोराला दुखत नाही. माझी खात्री मला स्वतःलाही देता आली नाही.

कडा रद्द झाला. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. मुलं फुरंगटून बसली. दुपारी पैलवान भागूबाईशेजारी येऊन म्हणाला, "नक्की कसं लागलं गं बोटाला? दाखव ना." तिनं दाखवलं. त्यानं डोळे मिटून पुन्हा पुन्हा चाचपलं.

आता माझ्या एका तुकड्यावर मुलं गाठी शिकतात. दुसरा सतरंज्या बांधतो. नव्या दोराला रोज बोटांतून सरकताना मी बघतो. तो वैतागतो. वैतागू दे.

मित्रांनो, आम्हाला उन्हात टाकू नका, आमच्यावर पाय देऊ नका, आम्हाला बॅटरीशेजारी तर मुळीच ठेवू नका. आणि आम्ही कितीही ओळखीचे झालो, तरी आमच्यावर विश्वास टाकण्याआधी गप्पा थांबवून एकदा संशय घ्या. भित्र्याचं म्हणणंही ऐका.

त्या शुक्रवारच्या दोनच दिवस आधी, बुधवारी, पैलवान माझ्या त्याच जागेच्या भरवशावर दोन्ही हात सोडून अधांतरी लटकला होता, आणि खाली बघून हसत होता.