यादीतले वीस शब्द

पावनीने मला पहिला आयरिश शब्द सांगितला तो जुलैच्या पहिल्या रविवारी. लांडग्याला तिकडे ‘माक चीरे’ म्हणतात, म्हणजे ‘भूमीचा लेक’.

“किती चेन्नाग आहे ना, आई?”

“चांगलं आहे,” मी तिच्या कन्नडला मराठीत म्हणाले.

पुढच्या रविवारी जेलीफिश आला. ‘स्मुगर्ले रोन’, म्हणजे सील या समुद्रप्राण्याची थुंकी. सांगताना पावनी इतकी हसली की फोन तिच्या हातात हलायला लागला. तिच्या मागे आणखी कोणीतरी हसत होतं. ती नोरा. गॉलवेत नोकरीला गेलेली पावनी जिच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, ती सत्तरीची बाई. आयरिश ही तिची घरची भाषा. रोज संध्याकाळी चहाबरोबर ती पावनीला एक शब्द देते आणि पावनी तो निळ्या वहीत लिहून घेते.

मी कन्नड मुलखातल्या बेळगोळच्या एका मसाल्याच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते. मोजायची सवय घरीही सुटत नाही. आमचा रविवारचा फोन पन्नास मिनिटं चालायचा. ऑगस्टमध्ये त्यातली बावीस मिनिटं नोराची होती. मी या मुलीशी जन्मापासून मराठीत बोलत आले. ती अर्धं कन्नड, अर्धं इंग्रजी मिसळून उत्तर द्यायची. माझा एकही शब्द तिने कधी वहीत लिहिला नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ती म्हणाली, “आई, दसऱ्यासाठी दहा दिवसांची रजा जपून ठेवली होती. पण नोरा म्हणते, ती जन्मली त्या बेटावर चल. तिथे दुकानातसुद्धा आयरिशच बोलतात. काय करू?”

नवरात्रात आमच्या घरी गोंबे मांडतात. नऊ पायऱ्या, त्यांवर पांढरं कापड, आणि पेट्यांतल्या एकशे चाळीस बाहुल्या. पावनीचे वडील गेल्यापासून आम्ही दोघीच मांडतो. परदेशी गेल्यावरही तिने एकही वर्ष चुकवलं नव्हतं.

“तुझी सोय बघ,” मी म्हणाले.

आमच्या घरात कोणी कोणाला ‘ये’ म्हणत नाही. माझ्या आईनेही मला कधी म्हटलं नाही. सोय बघ म्हटलं की समोरच्याने समजून यायचं असतं. आजवर सगळे समजत आले होते.

“बरं,” पावनी म्हणाली. “नोरा विचारते, तुझा आवडता मराठी शब्द कोणता?”

मला एकही आठवला नाही. “पुढच्या रविवारी सांगते,” म्हणून मी फोन ठेवला.

त्या आठवड्यात मी यादी केली. वीस शब्द, एकाखाली एक, नंबर घालून. नोराने दोन महिन्यांत जे केलं ते मी एका कागदावर करणार होते. लगबग. कोवळं ऊन. वळचण. अळुमुंजी. सुम्ने. सोंबेरी. विसावा नंबर मुद्दू, म्हणजे लाडकी. पावनी सात वर्षांची होईपर्यंत मी तिला याच नावाने हाक मारत होते, आणि नंतर फक्त तापात.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत यादी विभावरीला दाखवली. ती नाशिकहून बदली होऊन आमच्या प्रयोगशाळेत आलेली. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघ म्हटलं होतं. तिने खिशातून लाल पेन काढलं.

“ताई, अळुमुंजी म्हणजे?”

“सारखी रडणारी.”

“मग रडूबाई म्हणा की! हा मराठी नाही.” काट. “‘उगाच’ला सुम्ने तर तुमचे ड्रायव्हर म्हणतात.” काट. “सोंबेरी? हा कुठला देश?”

“आळशी माणूस.”

“अहो, कन्नड आहेत हे सगळे.” ती हसत होती, पण हात थांबत नव्हता. “मुद्दू?”

“तो राहू दे.”

“गोड आहे हो. पण मी तो इथे येऊनच ऐकला.” काट.

अकरा गेले, नऊ राहिले. ‘कोवळं ऊन’ राहिलं, पण तो शब्द मी मासिकांत वाचला होता. आयुष्यात एकदाही तोंडाने उच्चारला नव्हता.

रविवारी यादी घडी करून मुठीत ठेवली आणि फोन लावला. पावनीने उचलला, आणि मागून नोराचा आवाज आला.

“मुद्दू, चहा!”

दोन्ही शब्द अगदी स्वच्छ.

“तू शिकवलंस?” मी विचारलं.

“हो! ती मला ‘अ स्तोर’ म्हणते, म्हणजे माझा खजिना. मग मीही तिला आपला एक दिला.”

“तो मराठी नाही. कन्नड आहे. सांग तिला, चुकीचा शब्द शिकलात म्हणावं.”

पावनीचा चेहरा उतरला. “मग इतकी वर्षं मला कन्नडमध्ये हाक मारत होतीस?”

“हो.”

“मारलीस ना? मग ते माझं नाव झालं. आता काय, परत घेतेस?”

मुठीतली यादी मी आणखी चुरगळली. नोरा पडद्यात वाकली, माझ्याकडे बघितलं आणि पावनीला हळूच काहीतरी म्हणाली.

“काय म्हणाली?”

“काही नाही.”

“पावनी.”

“तुला मत्सर वाटतोय म्हणाली. तिकडे ‘तुझ्यावर मत्सर आलाय’ असं म्हणतात, अंगावर आल्यासारखं.”

प्रयोगाचा निकाल नको तो आला की मी तो पुन्हा करून बघते. पुन्हा तोच आला, तर लिहून टाकते.

“दसऱ्याला ये,” मी म्हणाले.

“काय?”

“ये म्हटलं. गोंबे मी एकटीने मांडणार नाही.”

तिने फोन तोंडाजवळ आणला. मग म्हणाली, “अय्यो आई! हे म्हणायला पंचवीस वर्षं लागली तुला?”

“सव्वीस,” मी म्हणाले.

ती नवरात्राच्या आदल्या दिवशी आली. बॅगेत निळी वही होती, आणि नोराने माझ्यासाठी पाठवलेला लाकडी सील, तळहाताएवढा. पेट्या उघडल्या, पायऱ्या लावल्या. वरच्या पायरीवर राजा-राणी बसले. पावनीने सील त्यांच्या खाली, दुसऱ्या पायरीवर, बरोबर मध्ये ठेवला.

ती अंघोळीला गेल्यावर मी तो उचलून तळाच्या नवव्या पायरीवर नेला. तिथे शेट्टी-शेट्टीण दुकान मांडून बसतात. त्यांच्या तांदळाच्या पोत्यांमागे ठेवल्यावर फक्त शेपूट दिसत होतं.

पावनी केसांना टॉवेल गुंडाळून आली. दुसऱ्या पायरीपासून एकेक पायरी बघत खाली आली.

“आई.”

“काय?”

“ता एद ओर्त.”

अर्थ विचारावा लागला नाही.

“आलाय मत्सर,” मी म्हणाले. “वर होता तेव्हा मला सारखा दिसत होता.”

“अळुमुंजी,” ती म्हणाली, आणि पोत्यांमागून सील काढून पाचव्या पायरीवर ठेवला. नवातली पाचवी, म्हणजे बरोबर मधली.

तिथून मात्र मी तो हलवला नाही.